ताटलीभर दाणे

विद्यानगर, हैदराबाद
१८ नोव्हेंबर

पद्माताई,

त्रिवेणीचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही सांगा. शिवराजचा खोकला गेला का? नसेल गेला तर त्याला रात्रीचं गार पाणी पिऊ देऊ नका, तो ऐकणार नाही हे माहीत असूनही सांगते.

पत्र बघून तुम्हाला आधी धस्स झालं असेल. आपल्या घरी पत्र कोण पाठवतं? आलं तर बँकेचं, नाहीतर विम्याचं. म्हणून आधीच सांगते, इथे सगळे हातीपायी धड आहेत. सायली शाळेत गेली आहे, हे ऑफिसात गेले आहेत आणि मी तिच्याच वहीची पानं फाडून डायनिंग टेबलावर लिहायला बसले आहे. ती मध्येच आली तरी काळजी नाही. आमच्या लेकीला मराठी अक्षरं लावायला इतका वेळ लागतो की पहिल्याच ओळीत कंटाळून "मम्मी, ये क्या लिख रही" म्हणेल आणि फ्रिज उघडायला जाईल. एरवी मला ह्याचं वाईट वाटतं, आज बरं वाटतंय.

फोनवर का नाही बोलले, असं तुम्ही म्हणाल. ताई, तुमचा फोन म्हणजे गावची चावडी आहे. भाऊजींना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावलेला, शेजारी शिवराज, आणि उंबऱ्यात कोणी ना कोणी तब्येत विचारायला येऊन बसलेलं. मेसेज पाठवावा तर तो शिवराजच मोठ्याने वाचून दाखवतो. मला फक्त तुमच्याशी बोलायचं आहे. दुपारी भाऊजींचा डोळा लागला की वाचा. हे पत्र मी आमच्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार नाही, तिचा भरवसा नाही. आबिड्सच्या मोठ्या पोस्टात जाऊन टाकणार आहे. भाजीला जाते असं सांगून जाईन.

दाण्यांची पिशवी पोचली. देगलूरच्या बसचा ड्रायव्हर चांगला माणूस दिसतो, पिशवी आपल्या सीटखाली सांभाळून आणली. ह्यांनी स्टँडवर जाऊन घेतली. दाणे टपोरे आहेत, एक खवट नाही, एकाला मातीचा कण नाही. भाऊजींनी स्वतः बसून फोडलेत असं तुम्ही म्हणालात. उशीला टेकून, मांडीवर सूप घेऊन. दसऱ्याच्या आधी पाठवली होती ती पिशवीही त्यांनीच फोडलेली होती ना? मी ही नवी पिशवी उघडली, वास घेतला आणि तशीच बांधून वरच्या फळीवर ठेवून दिली. का, ते पुढे सांगते. आधी बाकीचं सांगू दे.

ह्यांची बातमी म्हणजे, तुमचा दीर बबलू (केस पांढरे झाले तरी भाऊजींनी ठेवलेलं हे नाव काही सुटत नाही) ऑगस्टपासून काय काय करत होता, हे तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं आहेच. आमचे घरचे डॉक्टर किती वर्षं सांगत होते. शुगर आहे, बीपी आहे, रोजचं पिणं कमी करा, एकदम सोडू नका वाटलं तर, पण कमी करा. हे म्हणायचे, "हौ डॉक्टरसाब, कल से." तो कल आमच्या विद्यानगरात काही उजाडला नाही. मग भाऊजींचं झालं. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत त्या माणसाचं लिव्हर गेलं, आणि गावात लोक म्हणायला लागले की मास्तर लपून पीत असणार. तुम्ही तेव्हा फोनवर रडला होतात. आजारापेक्षा त्या बोलण्याने जास्त रडला होतात, मला आठवतं.

आणि मग हॉस्पिटलात सांगितलं की घरातल्या कोणीतरी लिव्हरचा तुकडा द्यायला हवा, आणि भाऊजींच्या ओ गटाशी रक्तगट फक्त ह्यांचाच जुळतो. तुमचा ए, शिवराजचा ए, माझा बी. पण ह्यांच्या लिव्हरवर चरबी आहे, असं कापता येणार नाही. दारू पूर्ण बंद करा, वजन उतरवा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. स्वतःच्या जिवासाठी जे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते दादासाठी एका दिवसात जमलं. घरी आले आणि कपाटातली बाटली उचलून वरच्या मजल्यावर राजन्नांना देऊन आले. राजन्ना इतके खूश झाले की त्यांची बायको अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

ताई, तेव्हा हे खरंच चांगले वागले. हे मला लिहून ठेवायचंच आहे, कारण पुढचं वाचून तुम्ही विसराल. सकाळी युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला चालायला जायचे, घामाने निथळत यायचे. भात सोडला. संध्याकाळ झाली की त्यांच्या हातांना काही सुचायचं नाही, मग घरातल्या वस्तू दुरुस्त करत बसायचे. मिक्सर चांगला चालू होता, तो उघडून दुरुस्त केला, तेव्हापासून तो चालत नाही. मी रागावले नाही. दिवाणखान्यात स्क्रू पसरून बसलेला नवरा बघून मला हसू यायचं.

दसऱ्याला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दावत होती. इथला दसरा तुम्हाला माहीत आहे. सोनं वाटून झालं की मटण निघतं आणि मटणाबरोबर बाटली. राजन्ना ह्यांच्या मागे लागले, "अरे प्रतापभाई, त्योहार है, थोडा तो लेओ." हे लिंबूसोड्याचा ग्लास धरून बसले होते. म्हणाले, "नक्को भाई, ये मेरे दादा का माल है," आणि बरगडीखाली हात ठेवला. सगळे हसले. मी ताटं गोळा करत होते, मला हसता आलं नाही.

आता मुद्द्याचं.

तुम्ही रोज विचारता रिपोर्ट आला का, आणि मी रोज सांगते की लॅबमध्ये अडकलाय. ताई, रिपोर्ट गेल्या आठवड्यातच आला. चरबी उतरली होती ती परत चढली आहे. आणि रक्तात दारू दिसते म्हणे, कधी प्यायलात, किती प्यायलात, सगळं दिसतं. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "पी रहे हैं क्या?" हे म्हणाले, नाही. लहान मुलाने म्हणावं तसं, मान खाली घालून. मग डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, आप बताइए." मी पंख्याकडे बघत बसले.

तुम्ही आता ह्यांना मनातल्या मनात शिव्या देत असाल. द्या. पण सगळ्या देऊन टाकू नका.

आमच्या घरातला एक कायदा तुम्हाला माहीत नाही, आणि तो सांगण्यासारखा कधी वाटलाही नाही. लग्न झाल्यावर मला कळलं की हे पितात, तेव्हा मी खूप भांडले. भांडून काही होत नाही म्हटल्यावर आमच्यात आपोआप एक रीत पडली. मी दाणे तळून, त्यावर कांदा, हिरवी मिरची, लिंबू घालून ताटली समोर ठेवली, तर हे बाटली काढणार. ताटली आली नाही तर नाही. स्वयंपाकघराकडे बघत बसतील, दोनदा खोकतील, पण उठून स्वतः कपाट उघडणार नाहीत. मुकाट्याने चहा पिऊन बातम्या बघतील. इतक्या वर्षांत हा कायदा त्यांनी एकदाही मोडला नाही. मीच रोज ताटली ठेवायचे, हे खरं आहे, कारण ताटलीबरोबर माणूस बोलायला लागायचा, हसायचा, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायचा. पण लगाम माझ्या हातात आहे असं मला वाटायचं. शेजारणींना मी मिरवूनही सांगितलं आहे.

ऑगस्टपासून मी दाणे तळले नव्हते.

आता तुम्हाला त्या दिवसाची आठवण करून देते. हॉस्पिटलात समजावून सांगायची ती छोटी खोली, कॅमेरा लावलेली. देणाऱ्याच्या बायकोने समोर बसून सांगायचं की माझी हरकत नाही. तुम्ही काचेच्या दाराबाहेर उभ्या होतात. तुमच्या हातात भाऊजींच्या चपला होत्या, पायाला सूज म्हणून त्यांना त्या घालता येत नव्हत्या. आतल्या बाईंनी सगळं नीट सांगितलं. किती भाग काढतात, तो परत कसा वाढतो, देणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो. "थोडा है, लेकिन है," असं अगदी गोड आवाजात म्हणाल्या. मग विचारलं, आपके ऊपर किसी का दबाव तो नहीं? मी म्हटलं, नाही, मला मान्य आहे. माझा आवाज कॅमेऱ्यात आला नाही म्हणून त्यांनी परत म्हणायला लावलं. ताई, मी दोनदा हो म्हणाले आणि दोन्ही वेळा माझ्या मनात नाही होतं.

पण नाही म्हणायचं कोणाला? तुम्हाला? हातात चपला धरून उभ्या होतात तुम्ही. भाऊजींना? आई-वडील गेल्यावर ज्यांनी इथे हैदराबादेत, जामबागच्या एका खोलीत ह्यांना सांभाळलं, शाळेत शिकवून आल्यावर स्टोव्हवर भात टाकला, धाकट्याचा शर्ट इस्त्री करून मग स्वतःचा केला, त्याचं शिक्षण होईपर्यंत स्वतःचं लग्न लांबवलं? त्या माणसाला त्याच्या भावाचा तुकडा द्यायला मी नाही म्हणायचं? आपल्या घरात साधी भाजी काय करायची ह्यावर सून नाही म्हणत नाही. हेही मला एका शब्दाने विचारत नव्हते की तुला काय वाटतं. त्यांनी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं देव जाणे.

दसरा झाल्यावर हॉस्पिटलातून फोन आला. त्या बाईच होत्या, खूप खुशीत होत्या. वजन छान उतरलंय, मधल्या तपासणीचं रक्तही चांगलं आहे, असंच राहिलं तर दिवाळी झाल्या झाल्या तारीख देऊ. मी थँक्यू म्हटलं. फोन ठेवला आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. तोवर ते सगळं लांब होतं, ताई. तारीख म्हटल्यावर मला ऑपरेशनच्या टेबलावरचे हे दिसले, तोंडाला नळी लावलेले. सायलीचं दहावीचं वर्ष, हे एकटंदुकटं घर. मला दुसरा नवरा नाही.

त्या संध्याकाळी हे आले, बूट काढले, सोफ्यावर बसले. दमलेले होते. मी आत गेले. तुमच्या दसऱ्याच्या पिशवीतले दाणे घेतले, भाऊजींनी फोडलेले. तळले. कांदा चिरला, लिंबू पिळलं. ताटली नेऊन ह्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी मागितली नव्हती. नुसते खोकलेसुद्धा नव्हते.

त्यांनी ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "त्रिवेणी? आज?" मी म्हणाले, "असू द्या, दमलात तुम्ही." मला वाटलं आता ओरडतील, ताटली उचलून फेकतील, आणि खरं सांगते, तसं झालं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. पण ते उठले, चप्पल घातली आणि खाली जाऊन बाटली घेऊन आले. दुसऱ्या दिवशीही मी ताटली ठेवली. मग रोजच. दिवाळीभर.

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. तेही घाबरले होते, ताई. अंघोळीला गेले की बरगडीखाली हात फिरवत उभे असायचे, दार नीट लागत नाही आमचं, मला दिसायचं. पण दादाच्या पुढे भीती वाटते असं म्हणायचं कसं? मी ताटली ठेवली आणि त्यांना कारण मिळालं. ते प्यायले आणि मला कारण मिळालं. मी भाऊजींच्या मरणाची वाट बघत नव्हते. मला फक्त ह्यांना टेबलावर जाऊ द्यायचं नव्हतं. दोन्हीचा अर्थ एकच होतो हे मला आता समजतं, आणि खोटं कशाला बोलू, दाणे तळतानाही समजत होतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी शहाणी झाले. डॉक्टर म्हणाले, अजूनही वेळ गेलेली नाही, आजपासून बंद केली तर संक्रांतीच्या सुमाराला परत तपासू. पण भाऊजींच्या पोटात पाणी भरतंय, तेवढे दिवस ते काढतील का हे कोणीच सांगत नाही. घरी येऊन मी ठरवलं, झालं तेवढं पुरे. दाण्यांचा डबा उचलून लपवला. संध्याकाळी ताटली ठेवली नाही. हे बसले, स्वयंपाकघराकडे बघितलं, एकदा खोकले. मी चहा आणून ठेवला. मला वाटलं, संपलं, लगाम परत माझ्या हातात आला.

ह्यांनी चहाला हात लावला नाही. उठले आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा पिऊन आले होते. रस्त्यावर, दुकानाच्या बाजूला लोक उभे राहून पितात ना, तिथे. ज्या माणसाने घरात माझ्या ताटलीशिवाय कधी ग्लास उचलला नाही, तो. दुसऱ्या दिवशीही तेच. मी दारात आडवी उभी राहिले, रडले, सायलीची शपथ घातली. ते म्हणाले, "बंद करतो गं, मी बंद करतो," आणि माझा हात बाजूला केला. हळूच केला. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. सकाळी चालायला जायचं थांबलंय. सायलीने विचारलं, "पप्पा का वॉक बंद हो गया?" तिला काय सांगू?

त्यांना थांबवता येत नाही, असं मला वाटतं. म्हणजे त्यांना स्वतःलाच थांबता येत नाही. रोज सकाळी आरशासमोर शपथ घेतात, मला ऐकू येते. रोज संध्याकाळी मोडतात. मी एकदा दार उघडून दिलं आणि आता ते माझ्याच्याने लागत नाही.

परवा भाऊजींचा फोन आला होता. ह्यांनी स्पीकरवर घेतला, सवयीने. भाऊजी म्हणाले, "बबलू, जपून रे. माझ्यासाठी फार उपाशी राहू नको. थोडं कमी-जास्त झालं तर होऊ दे." हे "हो दादा, हो दादा" म्हणत राहिले. फोन ठेवला आणि बायका रडतात तसं उशीत तोंड घालून रडले. मग तोंड धुतलं आणि बाहेर गेले.

ताई, माझ्याच्याने आता काही होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही आमच्या भरवशावर थांबू नका. दुसऱ्या कोणाचं लिव्हर मिळावं म्हणून हॉस्पिटलच्या यादीत भाऊजींचं नाव आहे, तिथे कोणाला धरता येत असेल तर धरा. चुलत्यांकडे विचारा. कोणालाही विचारा. ह्यांना काही बोलू नका, त्यांना वाटेल की मी चहाडी केली, आणि मग ते घरीच येणार नाहीत. मला बोला. फोन स्पीकरवर असला तरी चालेल.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला द्यावी लागेल, तुम्ही तशाच आहात.

तुमची चप्पल हातात घ्यायच्या लायकीची न राहिलेली,
त्रिवेणी


देगलूर
२७ नोव्हेंबर

त्रिवेणी,

तुझं पत्र पोस्टमनने ह्यांच्याच हातात दिलं. तू दुपारी वाचा म्हणतेस, पण पत्राला काय माहीत. हे म्हणाले, बबलूच्या घरचं दिसतंय, वाच मोठ्याने. मी उघडलं, पहिलं पान बघितलं आणि वाचून दाखवलं. म्हणजे तू लिहिलेलं नाही, माझ्या मनाने. सायली अभ्यास करती, बबलू रोज चालायला जातो, वजन उतरलंय, दाणे लई टपोरे निघाले. हे डोळे मिटून ऐकत होते. दाण्यांचं परत एकदा वाच म्हणाले. मी वाचलं.

मग न्हाणीत जाऊन कडी लावून खरं वाचलं.

मला जे वाटलं ते लिहीत नाही. तुला मी तिथे बसून जे बोलले ते मी कुठल्या बाईला आयुष्यात बोलले नाही. पाणी तापायचा बंब होता पेटलेला, पत्र त्यात घातलं. तू हात पुढे करून माझ्या नवऱ्याच्या तोंडचा घास काढलास, असंच मला वाटलं, आणि त्यांच्याच हाताने फोडलेल्या दाण्यांनी. कुणाला सांगायची सोय नाही. भाकरी तव्यावर करपली तर शिवराज म्हणला, आई, ताप आला का.

त्याला बघितलं आणि मग मला तुझ्यावर रागावता आलं नाही. का ते सांगते. तू सांगितलंस तर मीही सांगते.

शिवराजचा ए नाही. त्याचा ओ आहे, ह्यांचाच. कॉलेजात रक्त दिलं होतं तेव्हाच त्याला कळलं. हॉस्पिटलात त्या बाईंनी विचारलं, घरात अजून कोण, तेव्हा तो बाहेर पाणी आणायला गेला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, त्याचा माझ्यावर गेलाय, ए. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढे गेल्या. बबलू समोर बसला होता ना, ओ गटाचा, मोठा, लेकरं-बाळं झालेला. मला वाटलं, तो आहे ना मग कशाला माझ्या पोराला. परत येताना बसमध्ये मी शिवराजला सांगितलं, बाबांना बोलू नको, काका देतोय. तो म्हणला, पण आई, माझी तर चरबीपण नाही. मी म्हणले, गप बस. तो गप बसला. अजून गप आहे. बापाचे पाय दाबताना माझ्याकडे बघतो आणि गप बसतो.

तू कॅमेऱ्यापुढे होतीस आणि मी बाहेर चपला घेऊन उभी होते, ते तुला आठवतं. मी आत बघत होते ते तू नाही म्हणशील ह्या भीतीने. तू नाही म्हणली असतीस तर माझ्या पोराची पाळी आली असती. तू दुसऱ्यांदा हो म्हणलीस तेव्हा मी देवाला हात जोडले.

आता मी तुला कुठल्या तोंडाने बोलू. ज्याला वाचवायचं तो माणूस मध्ये पडलाय, आणि आपण दोघी दोन्ही बाजूंनी आपापलं धरून बसलोय.

सोमवारी हैदराबादला येतोय. परवा ह्यांच्या पोटातलं पाणी परत काढलं, डॉक्टरांनी घेऊन या म्हणून सांगितलंय. तुझ्याकडेच उतरू, दुसरीकडे कुठे जाणार. बबलूला मी काही बोलणार नाही. हॉस्पिटलात परत विचारतील, घरात अजून कोणी आहे का. शिवराज बरोबर असेल. तेव्हा माझ्या तोंडून काय निघेल, मला खरंच ठाऊक नाही त्रिवेणी. रोज देवापुढे एक ठरवते आणि त्याला जेवायला वाढताना दुसरंच ठरतं. तू तेव्हा माझ्याकडे बघू नको, एवढंच कर.

हे आत्ता ओसरीत बसलेत. शेंगांचं पोतं शिवराजकडून जवळ ओढून घेतलं आणि फोडायला लागलेत. नखात जोर नाही, दाताने फोडतात, मग पुसून सुपात टाकतात. म्हणतात, बबलू माझ्यासाठी जीभ मारून राहिलाय, त्याच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं. मला नको म्हणायला कारण सापडलं नाही.

घेऊन येते.

पद्मा